ज्योतीतून गाणं: ४८ व्होल्टवर चालणारी छोटी टेस्ला कॉइल घरी कशी बनवायची

टेस्ला कॉइल म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर कडकड आवाज करत फांद्या फुटलेल्या विजा येतात. ही कॉइल तशी नाही. हिच्या टोकावर निरांजनाएवढी जांभळट ज्योत उभी राहते, आवाज जवळजवळ नसतोच, आणि त्या ज्योतीत गाणं सोडलं की ज्योतच गायला लागते. स्पीकर नाही, कागदाचा कोन नाही, मॅग्नेट नाही, नुसती तापणारी हवा. मी पहिल्यांदा तानपुऱ्याचं ॲप लावून ते ऐकलं तेव्हा खोलीतला दिवा घालवून अर्धा तास नुसता बसून होतो.

निकोला टेस्लाने १८९१ च्या सुमारास जी कॉइल बनवली तिच्यात ठिणगीचा स्विच होता. आपल्याकडे त्या जागी मॉसफेट म्हणजे ट्रान्झिस्टरचा इलेक्ट्रॉनिक स्विच आहे, आणि तो सेकंदाला चाळीस लाखांवर वेळा चालूबंद होतो, म्हणजे ४ मेगाहर्ट्झच्या वर. साध्या सॉलिड स्टेट म्हणजे ट्रान्झिस्टरवाल्या कॉइल शंभर-दोनशे किलोहर्ट्झवर चालतात म्हणून त्यांच्यात फांद्या फुटतात, मेगाहर्ट्झमधे गेलं की फांद्या जाऊन ज्योत होते, आणि कॉइलही मुठीत मावेल इतकी लहान होते, मुंबईतल्या वन रूम किचनमधे हे फार सोयीचं आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो कारण पुढे सगळं तिच्याभोवतीच फिरणार आहे. या प्रोजेक्टमधे पार्ट महाग नाहीत, सर्किट पण मोठं नाही, पण ट्यूनिंग, म्हणजे सर्किटची फ्रिक्वेन्सी कॉइलच्या स्वतःच्या फ्रिक्वेन्सीशी जुळवणं, नीट झालं नाही तर काहीच होत नाही, मॉसफेट गरम होऊन जातो आणि टोकावर साधी ठिणगी पण दिसत नाही. आणि ट्यूनिंग करायचं ते ज्योत पेटलेली असताना, विझलेली असताना नाही. का ते पुढे येईलच.

आधी धोका काय आहे ते

नवीन लोकांना कुणीतरी सांगतं की हाय फ्रिक्वेन्सीचा करंट कातडीवरूनच जातो म्हणून काही होत नाही. हे खोटं आहे, डोक्यातून काढून टाका. मेगाहर्ट्झमधे शॉक जाणवत नाही कारण आपल्या नसा एवढ्या वेगाला दाद देत नाहीत, पण करंट शरीरातून जातोच आणि आतलं मांस भाजतं. तव्याला बोट लागलं तर आपण लगेच हात मागे घेतो, इथे तसं कळत नाही, कळेपर्यंत पांढरा ठिपका पडलेला असतो आणि तो भरायला आठवडे लागतात. ज्योतीला हात नाही, धातूची वस्तू हातात धरून पण नाही. पेसमेकर किंवा ऐकण्याचं मशीन असलेलं कुणी घरात असेल तर हा प्रयोग त्या घरात करूच नका. ज्योतीजवळ ओझोन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड वायू तयार होतात, खिडकी उघडी ठेवायची, पडदा मात्र लांब बांधून ठेवायचा. आणि एकट्याने करायचं नाही, कुणीतरी स्विचजवळ उभं पाहिजे ज्याला सांगून ठेवलंय की मी ओरडलो की पहिलं बटण बंद.

दुसरं म्हणजे घरातले २३० व्होल्ट एसी डायरेक्ट रेक्टिफाय करून म्हणजे डीसी बनवून चालवलेल्या कॉइलचे व्हिडिओ सगळीकडे आहेत. नवीन माणसाने त्या वाटेला जायचं नाही. रेक्टिफाय केल्यावर साधारण ३२५ व्होल्ट डीसी होतात, आणि आपण जे क्लास ई सर्किट वापरणार आहोत त्यात मॉसफेटवर सप्लायच्या ३.५६ पट पीक येतो, म्हणजे साडेअकराशे व्होल्टच्या वर, शिवाय सगळं सर्किट लाईनला चिकटलेलं. आपण ४८ व्होल्टचा तयार एसएमपीएस म्हणजे पॉवर सप्लाय घेणार, तिथे हाच हिशोब १७१ व्होल्टवर येतो आणि ५०० व्होल्टचा मॉसफेट आरामात झेलतो. एसएमपीएसच्या २३० व्होल्टवाल्या स्क्रूंवर झाकण मात्र लावाच, बरेच जण ते उघडंच ठेवतात.

सामान आणि कुठे मिळेल

बहुतेक सगळं लॅमिंग्टन रोडला मिळतं, ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरून चालत पाच-सात मिनिटं. रविवारी जाऊ नका, बरीचशी दुकानं बंद असतात. यादी अशी: आयआरएफ८४० मॉसफेट (५०० व्होल्ट, ८ अँपिअर), चार तरी घ्या, ट्यूनिंग शिकताना एखादा जाणार हे धरून चला. गेट ड्रायव्हर म्हणजे मॉसफेटला चालूबंद करणारा आयसी टीसी४४२२, टीओ-२२० पॅकेजमधला, म्हणजे हीटसिंकला लावता येतो. ७४एचसी१३२, टीएल४९४, ७८०५. १ के ची कुंडी म्हणजे पोटेन्शिओमीटर दोन, १० के चा प्रीसेट एक. ५०० व्होल्टच्या वरचे सिल्व्हर मायका किंवा एनपीओ सिरॅमिक कपॅसिटर, २२० पिकोफॅरडचे डझनभर आणि १०० चे चार-पाच. ४८ व्होल्ट ५ अँपिअरचा एसएमपीएस, १२ व्होल्ट २ अँपिअरचा वेगळा ॲडॅप्टर, ३ अँपिअरचा फ्यूज होल्डरसकट, कॉपर क्लॅड बोर्ड, पंख्यासकट जुना सीपीयू हीटसिंक.

कपॅसिटरच्या बाबतीत हट्ट धरा. साधे तपकिरी डिस्क कपॅसिटर इथे चालत नाहीत, या फ्रिक्वेन्सीला ते दहा सेकंदात गरम होतात, व्हॅल्यू सरकते आणि तुम्ही बसता ट्यूनिंगला दोष देत.

तार लोहार चाळीत वाइंडिंग वायरच्या दुकानात वजनावर मिळते. आपल्याला २५ गेज एनॅमल तार लागते जेमतेम २० मीटर, वजनात ती ४० ग्रॅम पण होत नाही, तरी १०० ग्रॅम घ्या कारण पहिली कॉइल बहुतेक परत गुंडाळावी लागते. चोकसाठी, म्हणजे हाय फ्रिक्वेन्सी सप्लायकडे जाऊ न देणाऱ्या कॉइलसाठी, जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओतली फेराईटची कांडी हवी, चोर बाजारात मोडके रेडिओ मिळतात, नाहीतर घरातल्या माळ्यावर आजोबांचा रेडिओ असेल तर विचारून घ्या, न विचारता उघडू नका.

दुकानात एक अनुभव आला तो सांगतो. टीसी४४२२ मागितला, काउंटरवरच्या मुलाने टीसी४४२१ दिला, म्हणाला साहेब सेमच आहे, नऊ अँपिअरचाच आहे. करंट सेम आहे हे खरं, पण ४४२१ उलटा चालतो, इनपुट बंद असताना आउटपुट चालू. घरी येऊन मी नंबर न वाचता लावला, ऑडिओचं सर्किट शांत होतं म्हणजे मॉसफेट बंद असेल असं धरलं, आणि प्रत्यक्षात गेटला सलग १२ व्होल्ट होते. सप्लाय दिल्या दिल्या चोकमधून सरळ शॉर्ट. फ्यूज उडायच्या आधी मॉसफेटला चीर पडली, तो टक् असा आवाज अजून लक्षात आहे. म्हणून घरी आल्यावर प्रत्येक आयसीवरचा नंबर टॉर्च तिरका धरून वाचायचा, आणि मॉसफेट असतील तर कंपोनंट टेस्टरला लावून गेटची कपॅसिटी बघायची, एकाच लॉटमधले चारही जवळपास सारखे आले पाहिजेत, एखादा फारच वेगळा आला तर तो वेगळ्याच नंबरचा मॉसफेट घासून छापलेला असू शकतो.

सेकंडरी कॉइल

सेकंडरी म्हणजे जिच्या टोकावर ज्योत उभी राहते ती उंच कॉइल. सव्वा इंची यूपीव्हीसी पाईपचा तुकडा घ्या, त्याचा बाहेरचा व्यास ४२ मिलिमीटर असतो. पीव्हीसी या फ्रिक्वेन्सीला थोडी ऊर्जा खातं, जास्त पॉवरला गरम होतं, ॲक्रिलिकची नळी मिळाली तर उत्तम, पण ४८ व्होल्टला पीव्हीसी चालून जातं. १५ सेंटीमीटर लांब कापा, बारीक पॉलिश पेपरने घासा, पुसून कोरडा करा. पावसाळ्यात हे काम असेल तर पाईप आणि गुंडाळलेली कॉइल दोन्ही ६० वॅटच्या पिवळ्या बल्बजवळ तास-दोन तास ठेवा, मुंबईची जून ते सप्टेंबरची हवा या कॉइलची वैरी आहे, ओलाव्याने फेऱ्यांमधून ठिणग्या सरकतात आणि पाईपवर काळी रेघ उमटते जी नंतर पुसता येत नाही.

१५० फेरे, एकाला एक चिकटून, एकावर एक चढता कामा नये. साडेआठ सेंटीमीटर लांबी होते. एका हाताने पाईप फिरवायचा आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तार दाबून धरायची, दर २५ फेऱ्यांनी कागदी टेपचा छोटा तुकडा लावायचा म्हणजे हात सुटला तरी सगळं उलगडत नाही. झालं की इन्सुलेटिंग व्हार्निशचे दोन पातळ हात, मधे एक रात्र. जाड हात दिला तर आतून ओला राहतो.

या कॉइलचं इंडक्टन्स साधारण ३८० मायक्रोहेन्री येतं. तिची स्वतःची कपॅसिटी, वर लावलेली सुई, सगळं धरून पावणेतीन पिकोफॅरड, म्हणजे रिकामी असताना ती साधारण पावणेपाच ते ५ मेगाहर्ट्झला घुमते. आता ज्योत पेटली की ती ज्योत म्हणजे हवेत उभा राहिलेला एक तापलेला कंडक्टरच असतो, एक-दीड पिकोफॅरड आणखी वाढतात. अडीच-तीनमधे दीड वाढणं म्हणजे किती मोठी गोष्ट आहे बघा. फ्रिक्वेन्सी चारच्या आसपास खाली घसरते. नवीन माणूस काय करतो, विझलेल्या कॉइलला बरोबर ट्यून करतो, ज्योत लागते, लागल्याक्षणी कॉइल ट्यूनमधून बाहेर जाते, ज्योत विझते, परत लागते, फड फड फड. त्याला वाटतं सप्लाय कमी पडतोय आणि तो व्होल्टेज वाढवतो. तिथेच मॉसफेट जातो.

टोकाला टिग वेल्डिंगची टंगस्टन काडी लावा, २ सेंटीमीटर, ग्राइंडरवर टोक काढून. वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात मिळते, लाल टोकाची घेऊ नका कारण तिच्यात थोरियम असतं. तांब्याची तार लावली तर ज्योत तिला खात जाते आणि तांब्याने ज्योत हिरवट होते.

प्रायमरी आणि पॉवरचा भाग

प्रायमरी म्हणजे सेकंडरीला ऊर्जा देणारी बाहेरची कॉइल: ७ सेंटीमीटर व्यासाच्या प्लास्टिकच्या बरणीवर २.५ स्क्वेअर एमएमच्या घरगुती वायरचे ५ फेरे. सेकंडरी मधोमध, तळाला. साधारण २ मायक्रोहेन्री होतं.

सर्किट ऐका. ४८ व्होल्टचा प्लस फ्यूजमधून चोकला, चोक म्हणजे फेराईट कांडीवर जाड एनॅमल तारेचे २५ फेरे. चोकचं दुसरं टोक मॉसफेटच्या ड्रेनला (मॉसफेटचा गेट चालूबंद करतो, करंट ड्रेनमधून सोर्सला जातो, सोर्स ग्राउंडला). ड्रेन ते सोर्स शंट कपॅसिटर, ३२० पिकोफॅरड, म्हणजे एक २२० आणि एक १०० पॅरलल. बाकी मॉसफेटच्या स्वतःच्या आतल्या कपॅसिटीतून मिळतं. ड्रेनमधून सिरीज कपॅसिटर, २२० चे चार पॅरलल म्हणजे ८८०, तिथून प्रायमरी, प्रायमरीचं दुसरं टोक ग्राउंडला. चार का, एकच मोठा का नाही, तर यातून दोन-तीन अँपिअर आरएफ म्हणजे रेडिओ फ्रिक्वेन्सीचा करंट जातो आणि तो वाटला गेला तर एकेक थंड राहतो. चोकच्या अलीकडे ४८ व्होल्ट ते ग्राउंड १ मायक्रोफॅरड फिल्म आणि ४७० मायक्रोफॅरड १०० व्होल्ट इलेक्ट्रोलायटिक.

याला क्लास ई म्हणतात. नेथन सोकल आणि ॲलन सोकल या बापलेकांनी १९७५ मधे हे मांडलं. कल्पना फार सुंदर आहे: मॉसफेट बंद झाला की ड्रेनचा व्होल्टेज टेकडीसारखा वर जातो, खाली येतो, आणि बरोबर शून्याला टेकतो त्या क्षणी मॉसफेट परत चालू होतो. व्होल्टेज शून्य असताना स्विच झालं म्हणजे स्विचिंगमधे उष्णता जवळजवळ नाही. झोक्याला धक्का द्यायचा तो परत आल्या क्षणी, मधेच नाही, तसंच.

बांधणी ब्रेडबोर्डवर नाही, झीरो पीसीबीवर पण नाही. कॉपर क्लॅड बोर्डचं तांबं वर ठेवायचं, सगळं तांबं ग्राउंड. त्याच बोर्डाचे नखाएवढे तुकडे कापून वर चिकटवायचे आणि त्या बेटांवर सोल्डर करायचं. दिसायला ओबडधोबड, चालायला एकदम भारी. ड्रायव्हरच्या आउटपुटपासून गेटपर्यंत २ सेंटीमीटरपेक्षा जास्त अंतर नको, मॉसफेटचे पाय बुडापाशी कापा, ड्रायव्हरच्या १२ व्होल्टच्या पायालगत १ मायक्रोफॅरड आणि ०.१ मायक्रोफॅरड सिरॅमिक थेट ग्राउंडला. गेट ते सोर्स १० के. इथली एकेक सेंटीमीटर तार म्हणजे इंडक्टन्स असतं आणि ४ मेगाहर्ट्झला ते गेटचा चौकोनी सिग्नल वाकडा करतं. लक्षात ठेवा, मॉसफेटच्या पाठीचा पत्रा ड्रेनला जोडलेला असतो आणि टीसी४४२२ चा पत्रा सप्लायला, दोघांना एका हीटसिंकवर लावायचं तर दोन्हीला मायका वॉशर, आणि मग मल्टिमीटरने तपासा की हीटसिंकला काही लागत नाहीये.

ऑसिलेटर आणि ऑडिओ

७४एचसी१३२ मधे चार गेट असतात. पहिल्या गेटचा पाय २ आणि ग्राउंडमधे २२० पिकोफॅरड, पाय ३ मधून परत पाय २ ला ६८० ओहम आणि १ के ची कुंडी सिरीजमधे. झाला ऑसिलेटर म्हणजे फ्रिक्वेन्सी तयार करणारा भाग, अंदाजे ३ ते ६ मेगाहर्ट्झ फिरवता येतो. पाय १ हा त्याचा दरवाजा, तिथे ५ व्होल्ट आले तर चालू, शून्य आला तर बंद. पाय ३ पुढच्या गेटच्या ४ आणि ५ ला एकत्र, आणि पाय ६ ड्रायव्हरच्या इनपुटला. हा दुसरा गेट विसरायचा नाही, त्याच्यामुळेच दरवाजा बंद असताना ड्रायव्हरला शून्य मिळतो. उरलेले इनपुट ग्राउंडला. आयसीला ५ व्होल्ट ७८०५ मधून.

दरवाजा उघडझाप करायचं काम टीएल४९४ चं, हा जुन्या कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधे सापडतो. पाय ५ ला १ नॅनोफॅरड, पाय ६ ला १० के, दोन्ही ग्राउंडला, म्हणजे साधारण ११० किलोहर्ट्झ, कानाला ऐकू येण्याच्या कितीतरी वर. पाय १, १६, १३, ७ ग्राउंडला. पाय २ आणि १५ पाय १४ ला, तिथे आतला ५ व्होल्टचा रेफरन्स मिळतो. पाय १२, ८, ११ ला १२ व्होल्ट. पाय ९ आणि १० एकत्र, तिथून १ के, मग ग्राउंडला ८२० ओहम, आणि त्या दोघांच्या मधल्या बिंदूतून ७४एचसी१३२ चा पाय १. पाय ४ ला १४ आणि ग्राउंडमधे लावलेल्या १० के प्रीसेटचा मधला पाय, सुरुवातीला दीड व्होल्टवर. हा प्रीसेट म्हणजे लगाम आहे, गाणं कितीही जोरात आलं तरी ज्योत ठराविक टक्क्यांच्या वर चालू राहत नाही, मॉसफेट आणि ड्रायव्हर दोघं वाचतात. पाय ३ ला १४ आणि ग्राउंडमधल्या १ के कुंडीतून ४७० ओहमने बायस म्हणजे मूळ व्होल्टेज, आणि त्याच पायाला १० मायक्रोफॅरडमधून ऑडिओ, कपॅसिटरची प्लस बाजू पाय ३ कडे. पाय ३ चा व्होल्टेज वाढला की ज्योत लहान, कमी झाला की मोठी. गाणं त्याला वरखाली करतं, ज्योतीची उष्णता त्याच तालात बदलते, हवा फुगते आकसते, आवाज येतो.

मोबाईल यात वायरने जोडायचा नाही, कितीही जुना असला तरी. बॅटरीवर चालणारं छोटं ब्लूटूथ रिसीव्हर बोर्ड घ्या, पत्र्याच्या डबीत घाला, मोबाईल दोन मीटर लांब ठेवा.

चालू करायचा क्रम, इथे घाई नको

पहिल्या दिवशी फक्त १२ व्होल्ट, ४८ चा एसएमपीएस कपाटात. बायसची कुंडी पूर्ण बंद बाजूला म्हणजे पाय ३ वर साडेतीन व्होल्टच्या वर. गेटवर मल्टिमीटर, शून्य दिसलं पाहिजे. शून्य नसेल तर पुढे जायचंच नाही, माझ्या ४४२१ ची गोष्ट आठवा. मग कुंडी हळूहळू फिरवा, गेटवर सरासरी व्होल्टेज वाढताना दिसेल. ऑसिलोस्कोप असेल तर गेटचा चौकोन बघा, पण हातात मावणारे २०० किलोहर्ट्झवाले स्वस्त स्कोप इथे उपयोगाचे नाहीत, निदान २० मेगाहर्ट्झचा हवा आणि प्रोब दहापट करून. नसेल तर कॉलेजच्या लॅबमधल्या सरांना विचारा, स्कोपशिवाय पण ही कॉइल चालवता येते पण मग जास्त मॉसफेट लागतात.

ड्रायव्हरला बोट लावून नाही, लांबूनच बघा किती तापतो ते, अर्ध्या मिनिटात खूप तापत असेल तर हीटसिंक कमी पडतोय.

दुसऱ्या दिवशी ड्रेनला १२ व्होल्ट, आणि सप्लायच्या सिरीजमधे स्कूटरच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट १० वॅटचा बल्ब. काही चुकलं तर बल्ब पेटतो, मॉसफेट वाचतो. इलेक्ट्रिशियन लोकांचा सिरीज बोर्ड असतो ना, तेच. सेकंडरीचं खालचं टोक कॉपर बोर्डच्या ग्राउंडला, आणि बोर्डखाली दीड फूट बाय दीड फूट ॲल्युमिनियमचा पत्रा त्याच ग्राउंडला. घराच्या अर्थिंगला जोडू नका, बिल्डिंगभर आरएफ फिरेल. आता एखादी बाद सीएफएल कॉइलच्या टोकापासून दहा सेंटीमीटरवर प्लास्टिकच्या पट्टीला बांधून ठेवा, आणि ऑसिलेटरची कुंडी ६ मेगाहर्ट्झच्या बाजूने खाली आणत चला. एका जागी ती आतून उजळते. ती तुमच्या कॉइलची रिकामी फ्रिक्वेन्सी, कुंडीवर पेनाने खूण करा.

मग स्कोपवर ड्रेन. गोल टेकडी दिसली पाहिजे, आणि मॉसफेट चालू व्हायच्या आत ती शून्याला टेकली पाहिजे. टेकत नसेल, उजवी बाजू कड्यासारखी सरळ खाली कोसळत असेल, तर शंट कमी करा, १०० वाला काढा. फार लवकर टेकून मधे सपाट पट्टा दिसत असेल तर १०० वाढवा. प्रायमरी वरखाली सरकवून पण फरक पडतो. या कामाला माझी एक पूर्ण संध्याकाळ गेली होती, आणि ती वाया गेली असं मला अजिबात वाटत नाही, कारण त्याच संध्याकाळी मला सर्किट कळलं.

आता बल्ब काढून २४ व्होल्ट, नंतर ३६. इथे कुठेतरी ज्योत लागते, लागली नाही तर फूटभर कोरड्या लाकडी पट्टीच्या टोकाला टाचणी खोचून ती सुईजवळ न्या आणि मागे घ्या. लागल्यावर लगेच कुंडी फ्रिक्वेन्सी कमी होण्याच्या दिशेने जरा जरा फिरवा. ज्योत उंच होत जाईल, एका ठिकाणी सगळ्यात उंच आणि स्थिर, तिथे थांबा, दुसरी खूण करा. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे ज्योतीने खाल्लेली फ्रिक्वेन्सी. ४८ ला गेल्यावर परत एकदा थोडं खाली. ज्योत दोन-तीन सेंटीमीटर मिळाली की समाधान माना. सुरुवातीला एका वेळी अर्धा मिनिटच चालवा, बंद करा, सप्लाय काढा, मग हीटसिंक बघा. बंद करताना आधी ४८, मग १२, चालू करताना उलट.

शेजारी आणि जाळी

ही कॉइल म्हणजे एक ट्रान्समीटरच आहे, आणि ४ मेगाहर्ट्झ काही आपल्यासाठी मोकळा सोडलेला पट्टा नाही. भारतातले हॅम म्हणजे हौशी रेडिओवाले ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झवर रोज बोलत असतात, कॉइल त्या बाजूला तर कधीच नेऊ नका. मी पहिल्यांदा उघड्यावर चालवली तेव्हा भिंतीपलीकडच्या काकू आल्या, म्हणाल्या, "अरे, आमची इंडक्शनची शेगडी आपोआप पीप पीप करतेय, तुझ्याकडे काही चाललंय का?" टच पॅनेलला वायरिंगमधून आरएफ पोचत होता. त्यांना मी आत बोलावून सगळं दाखवलं, आणि दुसऱ्या दिवशी जाळी आणली.

खुराड्याची बारीक जाळी, लाकडी चौकटीवर दोन फुटी खोका, सगळ्या बाजू एकमेकींना सोल्डर किंवा स्क्रूने जोडलेल्या आणि खालच्या पत्र्याला जोडलेल्या. कॉइलपासून जाळी निदान १५ सेंटीमीटर लांब, नाहीतर ट्यूनिंग बदलतं, आणि जाळी बसवल्यावर एकदा परत ट्यून करावंच लागतं. आवाज जाळीतून आरामात येतो. ४८ च्या वायरवर आणि एसएमपीएसच्या मेनवर फेराईटच्या क्लिपा, मेनला ईएमआय म्हणजे आरएफ वायरिंगमधे जाऊ न देणारा फिल्टर. नंतर काकूंची शेगडी गप्प राहिली, मी स्वतः जाऊन विचारून आलो.

गाणं कसं बसवायचं

आधी १ किलोहर्ट्झचा सलग सूर सोडा, आवाज शुद्ध येईपर्यंत बायसची कुंडी फिरवा. ज्योत अर्ध्या उंचीवर असताना सगळ्यात स्वच्छ येतो, कारण मग वर जायलाही जागा असते आणि खाली यायलाही. फाटल्यासारखा आवाज आला तर ब्लूटूथचा व्हॉल्यूम कमी करा, फारच बारीक आला तर बायस तपासा, व्हॉल्यूम नाही.

खर्जाची अपेक्षा ठेवू नका. एवढीशी ज्योत किती हवा ढकलणार, ढोलकीची थाप हरवते, शाईचा टणत्कार मात्र येतो. उंच सूर अप्रतिम येतात: बासरी, संतूर, बाईचा आवाज, झांजा. लावणीतले घुंगरू तर असे सुटे सुटे ऐकू येतात की चांगल्या स्पीकरवर पण मी तसे ऐकले नव्हते, कारण इथे हलणारं वजनच काही नाही, प्लाझ्माला थांबायला आणि सुरू व्हायला वेळ लागत नाही. तानपुरा लावला तर जवारीची ती झीण ज्योतीच्या टोकाशी डोळ्यांनाही दिसते, कड किंचित थरथरते.

गाणं लावल्यावर पहिल्या मिनिटात परत एकदा ऑसिलेटरच्या कुंडीला हात घाला, गाण्याबरोबर ज्योत सारखी लहानमोठी होते म्हणून सगळ्यात उंच जागेपेक्षा केसभर वरच्या फ्रिक्वेन्सीला ठेवली तर मऊ जागांना ती विझत नाही. माझ्या कॉइलवर ही तिसरी खूण आहे, दुसरीच्या अगदी शेजारी, आणि कुंडीचा दांडा मी तिथेच नेलपॉलिशचा थेंब टाकून पक्का केलाय. पावसाळा लागला की तो थेंब खरवडून परत एकदा बघावं लागतं, ओल्या हवेत ती जागा थोडी सरकते.